नावाआधीची दोन अक्षरं

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाची पत्रिका घरी आली. पत्रिका हातात आली की आधी गणपतीला नमस्कार, मग मुहूर्त, मग कार्यालय आणि त्यानंतर खरा कार्यक्रम, म्हणजे खालच्या यादीत आपलं नाव कुठं आहे ते शोधणं. माझं नाव होतं. व्यवस्थित, मानाच्या जागी. फक्त त्याच्याआधी 'श्रीमती' छापलं होतं. तीन वर्षांपूर्वी याच भाच्याच्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा त्या जागी 'सौ.' होतं. मधल्या काळात हे गेले.

भाचा समोरच बसला होता. माझं बोट तिथं थांबलेलं त्यानं पाहिलं असावं. "मावशी, प्रेसवाल्यानं विचारलं, या सौ. का श्रीमती? मग आई म्हणाली..." पोरगं ओशाळलं. त्याचं काय चुकलं होतं? कुणाचंच काही चुकलं नव्हतं. रीतच तशी आहे. तो चहा पिऊन गेला आणि मी बराच वेळ पत्रिका हातात धरून बसले. नाव तेच, आडनाव तेच. मी आधी गेले असते, तर यांच्या नावाआधीचं 'श्री.' जागचं हललंसुद्धा नसतं, एवढंच मनात येत राहिलं.

खरं सांगायचं तर या बाबतीत मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तीस वर्षं बँकेत काढली मी. खातं उघडायला आलेल्या किती मुलींना "मिस का मिसेस?" असं मान वर न करता विचारलं असेल! आणि एकदा एक बाई नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या कार्डावरचं 'सौ.' मी लाल बॉलपेननं खोडलं होतं. त्यांच्यादेखत. नियमात बसणारं काम होतं, मी केलं. त्या बाई काही बोलल्या नाहीत. पत्रिका आली त्या दिवशी मला त्यांची आठवण झाली, इतक्या वर्षांनी.

पुढं महिन्याभरात लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला जायचं ठरलं होतं. जावयाची नोकरी स्टुटगार्टच्या जवळ. तिथली थंडी मला बाधली, घसा धरला, म्हणून लेक मला त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाहेरच्या खोलीत आम्ही चार-पाच जणी. आतून नर्स यायची आणि आडनावानं हाक मारायची. पाठीवर कॉलेजची सॅक असलेल्या एका मुलीला तिनं हाक मारली, 'फ्राऊ अमुक'. काठी टेकत उठलेल्या आजींना, 'फ्राऊ तमुक'. आणि आमच्या मराठी आडनावाची जमेल तेवढी मोडतोड करून मलाही 'फ्राऊ'. कुणाचं लग्न झालंय, कुणाचं मोडलंय, कुणाचा नवरा गेलाय, त्या नर्सला याच्याशी देणंघेणं नव्हतं.

मी लेकीला म्हटलं, "अगं, फ्राऊ म्हणजे लग्न झालेली ना? कुमारिकेला फ्रॉइलाइन म्हणतात." कॉलेजात असताना मी हौसेनं चार महिने जर्मन शिकले होते, त्यातलं एवढंच शिल्लक होतं. लेक हसायलाच लागली. "आई, फ्रॉइलाइन केव्हाच गेलं! आता फार तर पाच वर्षांच्या पोरीला रागवायला म्हणतात."

तिच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, लग्न न केलेल्या, जन्मभर शाळेत शिकवलेल्या. बाळाला बघायला आल्या तेव्हा लेकीनं मधे बसून दुभाष्याचं काम केलं आणि आमच्या गप्पा झाल्या. त्या म्हणाल्या, "मी नोकरीला लागले १९६० नंतर. तिशी उलटेपर्यंत मला सगळे फ्रॉइलाइन म्हणत. माझ्या वर्गात शिकलेली मुलगी लग्न करून फ्राऊ व्हायची, आणि मी तिची मास्तरीण असून फ्रॉइलाइनच!" त्यांच्या लहानपणी तर 'फ्रॉइलाइन' म्हणजे शाळेतल्या बाई, असाच अर्थ होता म्हणे.

त्याला कारण होतं. जर्मनीत १८८० पासून शिक्षिकेला लग्न करायची परवानगी नव्हती. लग्न केलं की नोकरी गेली आणि तिच्याबरोबर पेन्शनचा हक्कही. पुरुष शिक्षकाला अशी अट नाही, हे वेगळं सांगायला नकोच. १९१९ च्या वायमार राज्यघटनेनं ही अट काढली. पुढं पैशांची ओढाताण सुरू झाली तशी ती मागच्या दारानं परत आली, आणि त्या आजींच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात तर १९५६ पर्यंत टिकली. म्हणजे शाळेतली बाई अविवाहितच असणार, म्हणून ती फ्रॉइलाइन. आपल्याकडे 'बाई' म्हणजे शाळेतल्या बाई, तसंच हे. फक्त आपल्या 'बाई'मागं कुणी नोकरीची अट घातली नव्हती.

मला मग या शब्दांचा नादच लागला. बाळ झोपलं की मी आणि लेक शब्दकोश घेऊन बसायचो. एवढेएवढे शब्द, एक किंवा दोन अक्षरांचे. पण एकेकाची कहाणी ऐकाल तर एखाद्या सासुरवाशिणीच्या कहाणीसारखी.

'फ्राऊ'चंच बघा. हा शब्द मुळात कुणाही बाईसाठी नव्हता. जुन्या जर्मन भाषेत 'फ्रो' म्हणजे धनी, मालक, आणि 'फ्राऊ' म्हणजे मालकीण. सरदाराच्या घरची बाई ती फ्राऊ. साध्या बाईला शब्द होता 'वाइप', इंग्रजी 'वाइफ'ची सख्खी बहीण. तेव्हा 'वाइप'मध्ये काही कमीपणा नव्हता. १२०० च्या सुमाराचा मोठा जर्मन कवी वाल्टर फॉन डेर फोगलवायड यानं तर 'वाइप' हेच बाईचं सगळ्यांत मोठं नाव, असं आपल्या कवितेतून ठासून मांडलं होतं. पण हळूहळू 'फ्राऊ' खाली उतरली आणि सगळ्याच बायकांना लागू झाली. मग 'वाइप'ला जागाच उरली नाही. तिची एक पायरी आणखी घसरली आणि तो शब्द शिवीच्या जवळ जाऊन बसला. वरची जागा रिकामी झाली, तिथं फ्रेंचांकडून 'डाम' हा नवा शब्द आणावा लागला.

आणि फ्रॉइलाइन? घराचं जसं घरकुल, तसं फ्राऊचं फ्रॉइलाइन. छोटीशी फ्राऊ. मुळात हाही मानाचाच शब्द, बड्या घरच्या लेकींसाठी. गटेच्या 'फाउस्ट'मध्ये नायक रस्त्यात भेटलेल्या साध्या घरच्या मुलीला फ्रॉइलाइन म्हणतो, तेव्हा ती तो मान नाकारते, तो याच कारणानं. पुढं तोही शब्द सगळ्यांना लागला. गंमत म्हणजे जर्मन व्याकरणात असे लाडाचे, छोटेपणाचे शब्द नपुंसकलिंगी असतात. म्हणजे लग्न होईपर्यंत बाई 'ते', लग्न झालं की 'ती'. मी हसले, पण मग आठवलं, आपणही म्हणतोच की, "एकटं बाईमाणूस आहे!"

आता पुरुषांकडे वळू. जर्मन 'हेर'चा मूळ अर्थ पिकल्या केसांचा, वडीलधारा. इंग्रजी 'सर', फ्रेंच 'मस्य' म्हणजे मॉन्सिअर, स्पॅनिश 'सेन्योर', इटालियन 'सिन्योर' हे सगळे एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. तो शब्द 'सीनियर', म्हणजे वयानं मोठा. आपल्या 'सनातन'मधला 'सन' म्हणजे जुना, तो याच कुळातला. म्हणजे पुरुषाच्या नावाआधीचा शब्द एवढंच सांगतो, की हा मोठा झाला आहे. पोरगा मिसरूड फुटलं की आपसूक मस्य होतो, हेर होतो, मिस्टर होतो आणि मरेपर्यंत तोच राहतो. छोट्या हेरसाठी, कुमार मस्यसाठी वेगळा शब्द फॉर्मवर लागत नाही. स्पॅनिशमध्ये 'सेन्योरितो' आहे, पण त्याचा अर्थ बापाच्या जिवावर मजा मारणारा लाडावलेला पोरगा. बाईचं तसं नाही. ती नुसती वयानं मोठी होऊन भागत नाही. पन्नाशीची शिक्षिकासुद्धा फ्रॉइलाइन, आणि अठराव्या वर्षी लग्न केलेली पोर मात्र फ्राऊ. पुरुष वयानं मोठा होतो, बाई नवऱ्यानं. मला टोचलं ते हेच.

इंग्रजीत तर ही कहाणी थेट स्वयंपाकघरात जाते. 'लेडी' म्हणजे काय, माहितेय? जुन्या इंग्रजीत 'लाफ' म्हणजे ब्रेडचा लोफ, आणि लेडी म्हणजे त्याची कणीक मळणारी. 'लॉर्ड' म्हणजे त्याच ब्रेडची राखण करणारा. एकीनं मळायचं, दुसऱ्यानं राखायचं. यातला मळण्याचा जो धातू आहे, त्यातूनच इंग्रजी 'डो' म्हणजे मळलेला गोळा आला, आणि तोच धातू संस्कृतात 'दिह्' म्हणजे लिंपणं. त्यातून आपला 'देह'. लोकलमधल्या लेडीज डब्याच्या पाटीमागं एवढा मोठा गोतावळा उभा असेल, असं कधी वाटलं होतं का? पण पुढं काय झालं? लॉर्ड अजून लॉर्डच आहे. लेडीचे मात्र डबे झाले, रुमाल झाले, चपला झाल्या.

'वाइफ' म्हणजे मुळात नुसती बाई, कुणाची बायको नव्हे. 'मिडवाइफ' या शब्दात तो जुना अर्थ टिकून आहे, बाईसोबत असणारी ती सुईण. 'मॅन' म्हणजे माणूस, आपल्या 'मनु'चा आणि 'मानवा'चा नातेवाईक. पुरुषाला वेगळा शब्द होता 'वेर', लॅटिन 'विर'चा आणि आपल्या 'वीर'चा भाऊ. पुढं 'वेर' मेला. पुरुषांनी 'मॅन' हा माणसांचा अख्खा शब्द आपल्याकडे घेतला आणि बाईकडे उरला 'वुमन', म्हणजे 'वाइफ-मॅन', बाईमाणूस. हा शब्द फोडून बघितला तेव्हा मी लेकीला म्हटलं, अगं, हे तर आपलंच!

जोड्या लावून बघितल्या तर कुणालाही दिसेल. मास्टर आणि मिस्ट्रेस ही एक जोडी. मास्टर अजून मालक आहे, उस्ताद आहे. मिस्ट्रेस मात्र दुसऱ्याच्या नवऱ्याची ठेवलेली बाई झाली. सर आणि मॅडम ही दुसरी. सर जिथल्या तिथं, आणि इंग्रजीत 'मॅडम'चा एक अर्थ कुंटणखाना चालवणारी. बॅचलर म्हणजे मजेत राहणारा. 'स्पिन्स्टर' म्हणजे खरं तर चरख्यावर सूत कातणारी, स्वतःच्या हातानं कमावणारी बाई, पण ती झाली लग्न न जमलेली थोराड पोर. इंग्लंडमध्ये लग्नाच्या नोंदवहीत 'स्पिन्स्टर' आणि 'बॅचलर' हे शब्द २००५ पर्यंत होते, मग दोघांनाही 'सिंगल' केलं. 'हाउसवाइफ'मधून तर 'हसी' हा शब्द आला, अर्थ निर्लज्ज, उठवळ बाई. घर सांभाळणारीच ती, पण तिच्याही नशिबी हेच! फ्रेंचमध्ये 'गार्स' म्हणजे पोरगा, त्याचंच स्त्रीलिंग 'गार्स्', मूळ अर्थ पोरगी. आज ती शिवी आहे. पोरगा पोरगाच राहिला. जर्मन 'डिर्न' म्हणजे एकेकाळी कुमारिका, आज वेश्या. जुना निर्मळ अर्थ फक्त 'डिर्न्डल' या तिकडच्या गावरान घेरदार पोशाखाच्या नावात उरला आहे.

'क्वीन'ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हजारो वर्षांपूर्वी युरोपच्या आणि आपल्या भाषांच्या मूळ आजीच्या घरी बाईसाठी एक शब्द होता. त्याची एक लेक इंग्लंडच्या गादीवर बसली, ती क्वीन. तिची सख्खी बहीण जवळजवळ तशाच उच्चाराची दुसरी 'क्वीन', स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक, आणि तिचा अर्थ बाजारबसवी. तिसरी ग्रीसला गेली, तिच्यामुळं आपण गायनॅकॉलॉजिस्टकडे जातो. रशियात ती 'झेना' म्हणजे बायको, स्वीडनमध्ये 'क्विना' म्हणजे बाई. संस्कृतात तीच 'जनी'. आणि इराणात ती झाली 'झन', तिथून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला 'जनाना', जनानखाना. एकाच आईच्या लेकी. एक सिंहासनावर, एक बाजारात, एक पडद्याआड.

हे सगळं वाचून एखादी म्हणेल, काहीतरीच! पुरुषांचे शब्द काय कमी घसरले? बरोबर आहे, तेही घसरले. इंग्रजी 'नेव्ह' म्हणजे आधी नुसता पोरगा, पुढं नोकर पोरगा, आणि शेवटी लबाड. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाडीवर राबणारा शेतमजूर, आज सिनेमातला खलनायक. पण नीट बघा, घसरले ते कोण? नोकर आणि शेतमजूर. लॉर्ड घसरला नाही, सर घसरला नाही. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याच्या नावाला चिखल लागतो. आणि त्या रांगेत बाई मालकीण असली तरी उभी, मोलकरीण असली तरी उभी.

आपल्याकडे वेगळं काय आहे? 'बाई' हा केवढा मानाचा शब्द. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई. माझ्या शाळेत बाई म्हटलं की आम्ही उभ्या राहायचो. आणि आज "अगं, आज बाई आली नाही" म्हटलं की सिंकमधली भांडी डोळ्यांपुढं येतात. शाळेतल्या बाईंना आता 'बाई' म्हटलेलं रुचत नाही, त्या 'मॅडम' झाल्या किंवा 'टीचर' झाल्या. म्हणजे जर्मनांनी वरच्या जागेसाठी फ्रेंच 'डाम' आणली, आपणही तीच आणली, फक्त इंग्रजांच्या हातून! मॅडम म्हणजे 'मा दाम', माझी मालकीण. लॅटिन 'डोमिना' म्हणजे घराची धनीण, तिची ही लेक. इटलीतली 'मॅडोना' तिचीच, पणजीजवळच्या 'दोना पावला'तली पोर्तुगीज 'दोना' तिचीच. आणि डोमिनामधलं जे घर, ते संस्कृतात 'दम', म्हणून आपलं 'दंपती'. शब्द असे लांबून येऊन भेटतात, याचा आनंद होतोच. पण मॅडमचंही उद्या काय होईल, कुणी सांगावं? मान मिळत नसेल तर नव्या शब्दाचंही थोड्या वर्षांत पोतेरं होतं.

मग शब्द बदलून उपयोग काय? हा प्रश्न मला लेकीनंच विचारला. "आई, शब्दात काय ठेवलंय? पगार समान हवा, पाळणाघर हवं." तिचं खरं होतं. पण मला खालच्या आजींचं बोलणं आठवत होतं. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं आपल्या कार्यालयांना कळवलं, की यापुढं सज्ञान बाई म्हणजे फ्राऊ, लग्न असो वा नसो. त्याच देशात १९७७ पर्यंत कायदा असा होता, की घर आणि नवरा सांभाळून जमत असेल, तरच लग्न झालेल्या बाईनं नोकरी करावी. १९७७ मध्ये तो कायदाही बदलला. शब्दामुळं कायदा बदलला, असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही गोष्टी मागणाऱ्या बायका त्याच पिढीच्या होत्या. त्यांनी 'आधी हे का आधी ते' असा घोळ घातला नाही. दोन्ही मागितलं.

इंग्रजीतल्या 'मिझ'चंही असंच. 'मिस' आणि 'मिसेस' हे दोन्ही 'मिस्ट्रेस'चेच तुकडे आहेत. अठराव्या शतकापर्यंत मिसेस म्हणजे विवाहिता असं नव्हतंच. ज्या बाईला समाजात काही स्थान आहे, जिच्या हाताखाली माणसं आहेत, ती मिसेस. म्हणून तर मोठ्या घरांतल्या बिनलग्नाच्या स्वयंपाकीणबाईही 'मिसेस' असायच्या. पुढं त्या शब्दात नवरा घुसला. यावर उपाय म्हणून 'मिझ' सुचवला गेला १९०१ मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या एका वर्तमानपत्रात. कुणी लक्ष दिलं नाही. साठ वर्षांनी, १९६१ मध्ये, शीला मायकेल्स नावाच्या तरुणीनं आपल्या खोलीतल्या मैत्रिणीच्या टपालावर तो शब्द पाहिला. तिला आधी ती छपाईची चूक वाटली. पण कुणाची मुलगी नाही, कुणाची बायको नाही असं स्वतःचं काही नाव ती शोधतच होती. दहा वर्षं ती हा शब्द लोकांच्या गळी उतरवत राहिली. त्याच नावाचं मासिक निघालं, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो आपल्या पानांवर घेतला तो थेट १९८६ मध्ये. दोन अक्षरांच्या शब्दाला पंचाऐंशी वर्षं!

फ्रान्समध्ये सप्टेंबर २०११ मध्ये महिला संघटनांनी 'मादमोआझेल' विरुद्ध मोहीम काढली. त्यांचं म्हणणं एवढंच, की फॉर्मवर पुरुषांना एक चौकोन आणि आम्हाला दोन, हा एक चौकोन जास्तीचा आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये पंतप्रधान फ्रान्स्वा फियों यांच्या परिपत्रकानं तो चौकोन सरकारी फॉर्मवरून गेला. तेव्हा तिथंही बऱ्याच जणी हळहळल्या. मादमोआझेल ऐकलं की तरुण वाटतं म्हणाल्या. रंगभूमीवरच्या नट्यांना तर मादमोआझेल म्हणवून घेण्याची जुनी परंपरा. त्यांचंही मला पटतं. लाडानं कुणी काही म्हणावं, आपल्याला आवडावं, त्यात बिघडलं काय? पण लाड वेगळा आणि फॉर्म वेगळा. पोस्टाच्या खिडकीला माझ्या लग्नाशी काय करायचंय?

स्वीडननं तर वेगळीच वाट काढली. तिथं पूर्वी समोरच्याला 'तुम्ही' म्हणणंसुद्धा उद्धटपणाचं, प्रत्येकाला हुद्द्यानं हाक मारायची. १९६७ मध्ये आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रुर रेक्सेड यांनी रुजू होताच कर्मचाऱ्यांना सांगितलं, मी तुम्हा सगळ्यांना 'डू' म्हणजे 'तू' म्हणणार, तुम्हीही मला तसंच म्हणा. वारं आधीपासून वाहत होतंच. थोड्याच वर्षांत सगळा देश 'डू' म्हणू लागला आणि श्रीमती, कुमारी यांचा प्रश्नच मिटला. आपल्याला हे झेपायचं नाही. सासूबाईंना 'अगं' म्हणायची माझी तरी छाती नव्हती. पण एखादा समाज ठरवून आपली बोलायची सवय बदलू शकतो, एवढं तरी त्यातून कळतं.

आपल्याकडे मात्र उलटं वारं येऊन गेलं. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावाआधी 'गं. भा.' म्हणजे 'गंगा भागीरथी' लावण्याचा विचार राज्याच्या महिला व बालविकास खात्यात सुरू झाल्याचं समोर आलं. ओरडा झाला, तशी ही नुसती चर्चा होती, निर्णय नव्हे, असा खुलासा आला. हेतू मान देण्याचा होता असं म्हणतात. असेलही. पण नद्या कितीही पवित्र असल्या, तरी ती दोन अक्षरं काय सांगतात? हिचा नवरा गेला, एवढंच. विधुरासाठी असा कुठल्या नदीचा मान कुणी का शोधला नाही?

मी 'सौ.'च्या विरोधात नाही, बरं का. पस्तीस वर्षं ते अक्षर मी आनंदानं मिरवलं. ज्या मैत्रिणींना ते आवडतं, त्यांनी जरूर लावावं. माझं म्हणणं इतकंच आहे, की ते मागितल्याशिवाय कुणी लावू नये, म्हणजे मग ते कुणाला काढूनही घेता येणार नाही. माणसाच्या जाण्यानं जे जायचं ते घरातून गेलेलंच असतं. ते पत्रिकेवर, पासबुकावर आणि मतदारांच्या रांगेत पुन्हा पुन्हा कशाला मोजायचं? बँकेत ते 'सौ.' खोडताना मी त्या बाईंच्या तोंडाकडे पाहायला हवं होतं. नियम राहिला असता, पण निदान पुढच्या वेळी लाल पेन उचलताना हात अडखळला असता.

या दिवाळीत लेक बाळाला घेऊन आली. तिकडं बारसं राहिलंच होतं, ते इथं करायचं ठरलं. छोटीशी पत्रिका छापायला मी त्याच प्रेसवाल्याकडे गेले. नावांची यादी दिली. पणजी, दोन्ही आज्या, आजोबा, आत्या, मावशी. त्यानं सवयीनं पेन उघडलं. "ताई, यातल्या सौ. कोण कोण आणि..."

"कुणीच नाही," मी म्हटलं. "नुसती नावं छापा."

"आजोबांचं श्री.?"

"तेही नको."

तो यादीकडे बघत राहिला. "ओकंबोकं दिसेल हो."

"दिसू दे," मी म्हटलं.

पत्रिका घरोघर गेली. एकानंही विचारलं नाही, की नावाआधी काही का नाही. विचारलं ते एवढंच, "पोरीचं नाव काय ठेवणार?"